सुताचा धागा आणि रक्ताचा थेंब

सुताच्या धंद्यातला जाणता माणूस ठाण हातात घेतल्यावर आधी दोन गोष्टी करतो. भिंग लावून ताण्या-बाण्याचे धागे मोजतो आणि कापडावर पाण्याचा एक थेंब सोडतो. थेंब मोत्यासारखा वरच बसून राहिला तर कापड कोरे आहे, त्याची भट्टी नीट झालेली नाही. ते रंग धरणार नाही. थेंब चटकन जिरला आणि सारखा गोल पसरला तर माल रंगाईला तयार. ही परीक्षा आम्ही वडिलांकडून शिकलो तेव्हा आमचे वय चौदा-पंधरा असेल. याच जिरणाऱ्या थेंबाच्या जोरावर पुढे रक्त-लघवीच्या तपासण्या होतील असे त्या वेळी कोणी म्हटले असते, तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते.

आज तसे होत आहे. हा विषय डॉक्टर आणि इंजिनियर लोकांचा आहे हे खरे, पण त्यात सूत आहे, रेशीम आहे, खळ आहे, रंगाई आणि धुलाई आहे. म्हणून आमच्या व्यापारी व कारीगर बांधवांनी तो समजून घ्यावा, यासाठी हा लेख.

आंब्याचा रस आणि तीनशेची साखर

सुरुवात घरच्याच गोष्टीने करतो. आम्हाला काही वर्षांपासून मधुमेह आहे. मे महिन्यात एका दुपारी आंबा कापून मुलांना दिला, हात धोतीसारख्या पंचाला पुसले आणि सवयीप्रमाणे बोटाला सुई टोचून पट्टी लावली. यंत्राने तीनशेच्या वर आकडा दाखवला. घरात एकदम धावपळ. कोणी म्हणे गोळी वाढवा, कोणी म्हणे रिक्षा बोलवा. आमचा भाचा लॅबमध्ये काम करतो, तो नेमका आलेला होता. तो म्हणाला, "मामू, आधी साबणाने हात धुवा, कोरडे करा आणि दुसऱ्या बोटाचे रक्त घ्या." तसे केले. आकडा आला एकशे बावन्न.

पट्टी खोटी नव्हती, यंत्रही बिघडलेले नव्हते. बोटावर आंब्याची साखर होती, तीच रक्ताच्या थेंबात मिसळली आणि पट्टीने ती इमानदारीने मोजली. त्या दिवशी आम्ही गोळी वाढवली असती तर संध्याकाळपर्यंत साखर खाली जाऊन आम्ही चक्कर येऊन पडलो असतो. घरी साखर तपासणाऱ्या प्रत्येकाने एवढी एक गोष्ट या लेखातून घेतली तरी पुष्कळ झाले: आधी हात धुवा, कोरडे करा, मग सुई टोचा.

पण आमच्या व्यापारी डोक्यात प्रश्न राहिला. एवढ्याशा थेंबातून ही पट्टी आकडा काढते तरी कशी? आणि खरी खूण कोणती, फसवी कोणती, हे ती ओळखते कशी? भाच्याने समजावले, काही आम्ही वाचले. त्याचा हिशेब खाली मांडतो.

केसाएवढ्या नळ्यांचा कारखाना

साखरेच्या पट्टीची मूळ कल्पना अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांची. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६२ साली असे दाखवले की साखरेवर काम करणारे एक एन्झाइम विजेच्या तारेच्या टोकाशी बांधून ठेवले, तर साखर किती आहे ते विजेच्या भाषेत वाचता येते. एखाद्या जिवंत वस्तूच्या ओळखण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या अशा मापकाला बायोसेन्सर म्हणतात. एन्झाइम साखर ओळखते. प्रतिपिंड, म्हणजे शरीर रोगाशी लढायला जे बनवते ते, रोगाचा कण ओळखते. कुलपाला त्याचीच किल्ली लागते, तसा हा मामला आहे.

दुसरा भाग मायक्रोफ्लुइडिक्सचा. शब्द मोठा, अर्थ सोपा. केसाएवढ्या किंवा त्याहून बारीक नळ्यांतून थेंब-थेंब द्रव चालवण्याचे शास्त्र. इतके बारीक कशासाठी? कारण रोगाचा कण किल्लीसारखा कुलपापर्यंत पोहोचावा लागतो आणि पाण्यात तो स्वतःहून फार हळू सरकतो. साधारण प्रथिनाच्या कणाला एक मिलिमीटर अंतर सरकायला तासाभराहून जास्त वेळ लागतो. तेच अंतर दहाव्या हिश्श्यावर आणले तर वेळ दहावा नव्हे, शंभरावा हिस्सा होतो. म्हणजे मिनिटभरात काम. नळी बारीक करण्याचा नफा हा असा आहे.

या नळ्या पूर्वी काचेत किंवा रबरासारख्या पदार्थात कोरत. २००७ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या मंडळींनी साध्या गाळण कागदावर पाणी न शिरणाऱ्या रेघा आखून वाट तयार केली आणि लघवीतली साखर व प्रथिने त्यावर तपासून दाखवली. पंप नको, वीज नको, कागदच पाणी ओढतो. मग २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात आणि हार्वर्डमध्येही कागदाऐवजी धागा घेतला गेला. सुई-दोऱ्याने शिवावे तसा धागा पाणी न घेणाऱ्या पातळ पत्र्यात ओवला; धागा झाला नळी.

इथे त्यांना पहिली अडचण कोणती आली असेल? आमचा कोणताही भट्टीवाला सांगेल: कोऱ्या सुतावर नैसर्गिक मेण असते, ते पाणी घेत नाही. त्यांनी ते खास विद्युत-वायूच्या झोताने घालवले. आपण कॉस्टिक टाकून उकळतो. पद्धत निराळी, पण हेतू तोच.

खूण आणि गोंगाट

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. तपासणीत जी खूण उमटते, म्हणजे रंगाची रेघ, विजेचा झटका किंवा प्रकाश, तिला सिग्नल म्हणतात. पण नुसते पाणी टाकले तरी थोडीफार खूण उमटतेच. कापडाचा स्वतःचा पिवळटपणा, कुठेतरी चिकटलेला रंग, यंत्राची थरथर. ह्याला आम्ही गोंगाट म्हणू. बाजारात शंभर लोक ओरडत असताना एखादा हळू आवाजात भाव सांगतो आहे. तो भाव ऐकू येणे म्हणजे सिग्नल पकडणे.

मग खरी खूण कुठपासून धरायची? शास्त्रज्ञांचा नियम व्यापाऱ्याला पटेल असाच आहे. रोग नसलेले नमुने अनेक वेळा तपासायचे. समजा त्यांचा सरासरी आकडा १० आला आणि आकड्यांची ठरलेली चढ-उतार २ आहे. तर चढ-उताराची तिप्पट, म्हणजे ६, सरासरीत मिळवायची. १६ च्या खाली आलेला आकडा रोग म्हणून धरायचा नाही. आता हीच चढ-उतार २ वरून १ वर आणली तर हद्द १३ वर येते आणि कालपर्यंत न दिसणारा रोग आज दिसू लागतो. खूण मोठी केलेली नाही, फक्त गोंगाट कमी केला. धंद्यातही विक्री न वाढवता नुसती नासाडी थांबवली तर नफा वाढतो, हे आपण जाणतोच.

एकाच नमुन्याचे चार वेळा मोजमाप घेऊन सरासरी काढली तर चढ-उतार निम्मी होते. नऊ वेळा घेतली तर तिसरा हिस्सा. म्हणजे मेहनत चौपट, फायदा दुप्पट. म्हणून नुसत्या मोजण्यावर भागत नाही, मुळातला माल सुधारावा लागतो.

माल सुधारण्याचे पाच हुन्नर

पहिला हुन्नर जिरण्याचा. धाग्यात किंवा कागदात पाणी सारख्या वेगाने चालत नाही, पुढे पुढे मंदावते. एक सेंटिमीटर जायला दहा सेकंद लागले तर दोन सेंटिमीटरला वीस नव्हे, चाळीस लागतात आणि तीनला नव्वद. म्हणून खुणेची रेघ कुठे ठेवायची हा मोठा निर्णय असतो. फार जवळ ठेवली तर थेंब पळत जातो आणि कणाला कुलूप सापडायला वेळ मिळत नाही. फार लांब ठेवली तर वाटेतच नमुना वाळतो. धागा सारखा नसेल, कुठे जाड कुठे बारीक असेल, तर प्रत्येक पट्टीचा वेग निराळा आणि निकालही निराळा.

दुसरा हुन्नर खळीचा. आपण ताण्याला खळ देतो ती धागा मागावर तुटू नये म्हणून. तिने धाग्यावरचे केस बसतात, फटी भरतात. तपासणीच्या पट्टीलाही एक खळ लागते. रोगाचा कण जिथे धरायचा तिथे कुलूप बसवल्यावर बाकीची रिकामी जागा भरून टाकावी लागते, नाहीतर रंगाचे कण तिथेही चिकटतात आणि सगळी पट्टी लाल दिसते. ही खळ बहुधा दुधातल्या केसिनची किंवा तशाच एखाद्या प्रथिनाची असते. खळ कमी पडली तर गोंगाट वाढतो; जास्त झाली तर कुलूपच झाकले जाते आणि खूणही जाते. प्रमाण सांभाळणे हाच हुन्नर.

तिसरा हुन्नर धुलाईचा. रिअ‍ॅक्टिव्ह रंगात रंगवलेले कापड उकळत्या साबणाच्या पाण्यात का धुतो? सगळा रंग सुताशी बांधला जात नाही. मोकळा राहिलेला रंग काढला नाही तर पहिल्याच धुण्यात गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा लाल होतो. तपासणीतही तसेच. जो कण कुलपात बसला तो राहावा, जो मोकळा फिरतो तो वाहून जावा. म्हणून चांगल्या पट्टीत शेवटी शोषून घेणारा जाड बोळा असतो. तो मागचे पाणी ओढत राहतो आणि रेघ धुऊन निघते. बोळा लहान केला तर कारखानदाराचे चार पैसे वाचतात, पण मागची जमीन लालसर राहते आणि फिकी रेघ तिच्यात बुडते.

चौथा हुन्नर विणीचा. बारीक नळीत दोन द्रव एकत्र सोडले तर ते मिसळत नाहीत. दोन लेनमधल्या गाड्यांसारखे शेजारी शेजारी चालतात. मग मधोमध चाललेला रोगाचा कण भिंतीवरच्या कुलपापर्यंत पोहोचणार कसा? २००२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी नळीच्या तळाशी हेरिंगबोनचे खाच काढले. सुटिंगच्या व्यापाऱ्याला हेरिंगबोन सांगायला नको. तिरप्या रेघा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, माशाच्या काट्यासारख्या. त्या खाचांमुळे द्रव वळतो, घडी पडतो, पुन्हा उलगडतो आणि मिसळतो. २०१० मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी हीच वीण वापरून रक्तात फिरणाऱ्या कर्करोगाच्या विरळ पेशी पकडण्याची चिप बनवली. जी वीण आपण कोटाच्या कापडात पाहतो, ती तिथे जीव वाचवण्याच्या कामी लागली.

पाचवा हुन्नर सोन्या-चांदीचा. घरगुती पट्टीवरची लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या कणांची असते. कोविडच्या साथीत २०२० पासून घरोघरी पोहोचलेल्या कितीतरी पट्ट्या अशाच होत्या. सोने पिवळे, मग रेघ लाल कशी? सोन्याचा कण केसाच्या जाडीच्या दोन हजाराव्या हिश्श्याइतका बारीक केला की तो लालच दिसतो. पण कण थोडे असले तर डोळ्याला दिसत नाहीत. तेव्हा त्यांच्यावर चांदी चढवतात. चांदी फक्त सोन्याच्या कणाभोवती जमते, कण फुगतो, रेघ काळी पडते आणि उठून दिसते.

फिल्मवाल्यांचा धडा

या चांदीच्या कामात एक गोष्ट अशी घडली की ती आमच्या पॉवरलूमवाल्या बांधवांनी ध्यानात ठेवावी. जपानची फुजीफिल्म कंपनी फोटोच्या फिल्मा बनवत असे. डिजिटल कॅमेरे आले आणि फिल्मचा धंदा बसला. अमेरिकेच्या कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीने आपल्या जवळ काय शिल्लक आहे याचा विचार केला. फिल्म धुताना अगदी बारीक खुणेवर चांदी चढवून ती मोठी करण्याचा तजुर्बा त्यांच्याकडे होता. तो त्यांनी तपासणीच्या पट्टीला लावला. २०११ मध्ये इन्फ्लुएंझाच्या तपासणीसाठी त्यांचे यंत्र जपानात बाजारात आले. त्यात खुणेचा कण सुमारे शंभरपट मोठा केला जातो. धंदा बुडाला, पण हुन्नर बुडाला नाही.

पुढे हीच रीत क्षयरोगाच्या लघवी तपासणीला लावली गेली. एचआयव्हीची बाधा असलेल्या रोग्याला बऱ्याचदा बेडका काढता येत नाही, तेव्हा लघवीतली खूण फार उपयोगी. २०१९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या इस्पितळांतील अशा रोग्यांच्या नमुन्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षय असलेल्या शंभरांपैकी जुनी पट्टी सुमारे ४२ जणांना पकडत होती; चांदीवाली नवी पट्टी सुमारे ७० जणांना. म्हणजे प्रत्येक शंभरात २८ माणसे अशी, की ज्यांचा रोग काल हातातून निसटत होता. या २८ जणांमागे २८ घरे आहेत हे विसरू नये.

पण व्यापारी हिशेब दोन्ही बाजूंनी मांडतो. क्षय नसलेल्या शंभरांपैकी जुनी पट्टी पाचेक जणांना चुकून रोगी म्हणत होती, नवी नऊ जणांना. खूण मोठी केली की गोंगाटही थोडा मोठा होतो. आणि नंतरच्या अभ्यासांत असे दिसले की वेगवेगळ्या लॉटच्या पट्ट्यांचे निकाल सारखे येत नव्हते. रंगाईवाल्याला लॉटचा फरक म्हणजे काय ते सांगायला नको. एका ठाणाची शेड दुसऱ्याला मिळाली नाही तर आपला माल परत येतो. इथे परत येणारा माल नाही, समोर माणूस आहे.

बेंगळुरूचा हातमाग

आता आपल्या देशातली गोष्ट. बेंगळुरूच्या अचिरा लॅब्ज या कंपनीतल्या धनंजय देंडुकुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली रेशमी धाग्यावर तपासणीची द्रव्ये चढवून त्याचे तपासणीचे कापड विणून दाखवले, आणि ते हातमागावर. जो धागा रोग ओळखतो तो विणीत ठरलेल्या जागी घालायचा. कापड तयार झाले की पट्ट्या कापायच्या. दोन रोगांची तपासणी हवी असेल तर दोन निराळे धागे घालायचे. किनार आणि बुट्टी जशी आधी ठरवून विणतात, तसेच. २०१५ मध्ये याच मंडळींनी वीज वाहणाऱ्या शाईचा थर दिलेला धागा विणून विजेवर वाचता येणारे कापडी सेन्सरही सादर केले.

यात सोय अशी की काच कोरण्याचा महागडा कारखाना लागत नाही. माग, धागा आणि विणकाराचा हात, हे आपल्या देशात पूर्वीपासून आहे. अडचण अशी की विणीत ताण कमी-जास्त झाला की पाण्याचा वेग बदलतो आणि खुणेचा आकडाही बदलतो. साडीत एखादी गाठ राहिली तर आपण डिस्काउंट देऊन माल काढतो. इथे गाठ म्हणजे चुकीचा रिपोर्ट.

आमच्या बांधवांनी काय करावे

हा लेख वाचून उद्या कोणी माग विकून तपासणीच्या पट्ट्या बनवायला बसू नये. आपल्याकडे २०१७ सालचे वैद्यकीय उपकरणांचे नियम आहेत. ते २०१८ पासून लागू झाले आणि रोगतपासणीच्या पट्ट्याही त्यांत येतात. परवान्याशिवाय असा माल बनवता किंवा विकता येत नाही. कारखान्याच्या गुणवत्तेसाठी आयएसओ १३४८५ हे निराळे मानक आहे. साखर मोजण्याच्या घरगुती यंत्राचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते की शंभरच्या वरचे आकडे शंभरांपैकी ९५ वेळा खऱ्या आकड्याच्या पंधरा टक्क्यांच्या आत आले पाहिजेत. खरी साखर २०० असेल तर १७० ते २३० पर्यंत चालेल, पुढे नाही. कोणी दलाल येऊन "मशीन घ्या, तयार माल आम्ही उचलू" असे म्हणाला तर आधी परवाना मागा, मग चहा पाजा.

मग करण्यासारखे काय? आमच्या मते तीन गोष्टी. एक, लॉटची वही. सूत कुठले, कोणत्या तारखेला भट्टी झाली, पाणी कसे होते, कोणी विणले, हे लिहून ठेवण्याची सवय आजच्या मालातही नफा देते आणि उद्या वैद्यकीय कापडाच्या कामात त्याशिवाय कोणी दारात उभे करणार नाही. दोन, जी मुले इंजिनियरिंग किंवा सायन्स शिकत आहेत त्यांना कारखान्यात आणावे. त्यांच्या पुस्तकात जिरण्याचे सूत्र आहे, आपल्या हातात जिरणारे सूत आहे. दोघांची ओळख होत नाही हीच खरी अडचण. तीन, आपल्या कारीगराच्या डोळ्याची किंमत ओळखावी. दोन शेडमधला फरक जो रंगारी शंभर फुटांवरून सांगतो, तो फिकी रेघ आणि रिकामी जागा यांतला फरकही इतरांपेक्षा आधी पाहील.

आमच्या इथल्या एका जुन्या रंगारी चाचांना आम्ही हे सगळे ऐकवले. ते सत्तरीच्या पुढे आहेत, हाताला कायमचा निळा रंग. त्यांनी कोविडच्या वेळची एक जुनी पट्टी हातात घेतली, उन्हाकडे धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "शेठ, धुलाई कच्ची आहे हिची. मागची जमीन साफ नाही." पट्टीत आणखी काय काय असते हे चाचांना ठाऊक नव्हते. पण ज्या गोष्टीवर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे झगडत आहेत, ती त्यांनी एका नजरेत सांगितली.

असे डोळे आपल्या गल्ल्यांत पुष्कळ आहेत आणि ते एकेक करून मिटत चालले आहेत. त्यांच्या शेजारी आपल्या शिकलेल्या मुलांना बसवण्याचे काम सरकारचे नाही, आपले आहे. ते या वर्षीच सुरू व्हावे, एवढेच आमचे सांगणे.